पांझरेतला किनारा

त्या दिवशी देवरे सरांनी पांझरेच्या पात्रात लाल फडकं वर केलं आणि हल्ल्याची सगळी तुकडी मेली असं जाहीर केलं. तुकडीत आमच्या संस्थेच्या अध्यक्षांचा पुतण्या होता. काठावर मांडव होता आणि मांडवात पाहुणे बसले होते. पुढच्या वर्षापासून तो सराव बंद झाला.

मेली म्हणजे सरावातली. मुलं पाण्यात उभी होती, अंगावर राख होती, आणि दोघंतिघं हसतही होती. पण सरांच्या सरावात मेलेल्यानं खाली बसायचं असतं, म्हणून ती एकेक करून गुडघाभर पाण्यात बसली.

मी धुळ्याच्या त्या कॉलेजात ग्रंथपाल होते. देवरे सर सैन्यशास्त्र शिकवायचे. तरुणपणी काही वर्षं ते लष्करात अधिकारी होते, मग नोकरी सोडून शिकवायला आले आणि इथेच निवृत्त झाले. त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं. लिहायला मी बऱ्याचदा बसले आणि उठले. त्यांच्याबद्दल जे चांगलं सांगता येईल ते त्यांना ऐकवलं नसतं, आणि जे त्यांनी स्वतः सांगितलं ते लिहावं की नाही, याचा निर्णय होत नव्हता. शेवटी वाटलं, त्यांनी ते ज्या व्यक्तीला सांगायचं होतं तिला सांगून टाकलं होतं. आता माझ्याकडे झाकून ठेवण्यासारखं काही उरलेलं नाही.

सरांचा आवडता विषय म्हणजे समुद्रातून येऊन शत्रूच्या किनाऱ्यावर उतरणं. पाठ्यपुस्तकात त्याला ‘उभयचर युद्ध’ असं नाव आहे. त्या धड्याच्या दिवशी मुलं फळ्यावर बेडूक काढून ठेवायची. बेडकाच्या डोक्यावर लष्करी टोपी असायची आणि खाली लिहिलेलं असायचं, ‘कॅप्टन’. सर बेडूक पुसायचे नाहीत. फक्त ‘कॅप्टन’ हा शब्द पुसायचे आणि शिकवायला सुरुवात करायचे.

हा शब्द त्यांनी कुठेच राहू दिला नाही. दारावरच्या पाटीवर नुसतं नाव. माजी सैनिकांच्या मेळाव्याचं आमंत्रण आलं की त्यांना त्या दिवशी हमखास ताप यायचा. प्रजासत्ताक दिनाला झेंडावंदन झालं की सत्काराच्या आधी ते शेवटच्या रांगेतून निघून जायचे. एकदा प्राचार्यांनी त्यांना गाठून शाल घातलीच, तर सरांनी ती तिथल्या तिथे आमच्या शिपायाच्या, नानांच्या, खांद्यावर टाकली. ‘थंडी यांना वाजते,’ म्हणाले. सगळे हसले. आम्ही या सगळ्याला त्यांचा नम्रपणा म्हणत होतो. कितीतरी वर्षं म्हणत होतो.

ग्रंथालयात त्यांची जागा ठरलेली होती, भिंतीला पाठ आणि समोर दार. किनाऱ्यांवरच्या लढायांची पुस्तकं आमच्याकडे फार नव्हती. जी होती ती त्यांच्यासाठीच मागवलेली. वाचायची त्यांची रीत मी दुसऱ्या कुणाची पाहिली नाही. ते आधी नकाशा काढायचे, त्यावर बोट ठेवायचे आणि बोट किनाऱ्याच्या आतल्या बाजूला फिरवत राहायचे. समुद्राकडून ते कधी सुरुवात करायचे नाहीत. मी एकदा विचारलं.

‘सगळे समुद्राकडून बघतात, मॅडम,’ ते म्हणाले. ‘बोटी किती, माणसं किती, तोफा किती. जो आत बसलाय त्याच्याकडून बघा. तो कित्येक महिने तिथेच जेवतोय, तिथेच झोपतोय. कुठली वाळू पाय धरते हे त्याला माहीत आहे. तुम्ही त्याच्याकडे पहिल्यांदाच येताय, तेही ओले होऊन.’

‘मग असे हल्ले करूच नयेत का?’

‘करावे लागतात कधी कधी. जिंकताही येतात. पण समोरचा माणूस जागा आहे असं धरून जायचं. तो झोपला असेल या भरवशावर जो निघतो त्याला मी बोटीत बसू देणार नाही.’

वर्गात ते हे कापसाच्या शेतावरून समजावून सांगायचे. कपाशी उपटून झालेली आहे, रान मोकळं आहे, पलीकडच्या बांधामागे माणूस लपून बसलाय आणि तुम्हाला पाठीवर पोतं घेऊन त्याच्याकडे चालत जायचंय. जमिनीवर निदान मागे फिरता येतं, लपायला एखादी पाण्याची चारी सापडते, आडवं पडता येतं. समुद्रातून आलेल्याच्या मागे पाणी असतं. आणलेलं सगळं त्याच्या पाठीवर असतं, आणि मदत मागच्या बोटीत असते, ती बोट अजून निघालेली नसते.

‘पण सर, धुळ्यात समुद्र कुठे शे?’ दर वर्षी कुणीतरी विचारायचंच.

‘नाही ना? म्हणून तर शिकायचं. कोकणातल्या पोराला पाणी काय करतं ते आईच्या कडेवर असताना कळतं. तुला कळत नाही, आणि कळत नाही हेही कळत नाही.’

समुद्र नव्हता, त्यावर सरांनी तोड काढली होती. हिवाळा सरता सरता पांझरा कोरडी पडत जाते. मग नदीकाठच्या गावांना प्यायला पाणी मिळावं म्हणून वरच्या धरणातून पाणी सोडतात. त्याला आमच्याकडे आवर्तन म्हणतात. सकाळी जिथे पोरं क्रिकेट खेळतात तिथे दुपारी गुडघाभर पाणी असतं. ‘आपल्याकडे भरती नाही, आवर्तन आहे,’ सर म्हणायचे, आणि दर वर्षी आवर्तनाच्या दिवशीच सराव ठेवायचे.

वर्गाचे दोन भाग व्हायचे. एक भाग पलीकडचा काठ राखायचा. त्यांना तयारीला दोन दिवस मिळायचे आणि हवं ते करायची मुभा असायची. दुसऱ्या भागानं अलीकडून पात्र ओलांडून तो काठ घ्यायचा. पाठीवर वाळू भरलेली पिशवी, आणि होडीच्या जागी ट्रॅक्टरच्या चाकाची फुगवलेली ट्यूब. काठ राखणाऱ्यांकडे राखेच्या कागदी पुरचुंड्या असायच्या. राख लागली की माणूस गेला. गेला की नाही हे पंचानं ठरवायचं. पंच सर. दंडाला पांढरी पट्टी आणि हातात लाल फडकं.

खरी गोम वेळेची होती. पाणी यायच्या आत निघालात तर वाटेतले काटेकुटे दिसतात, पण उघड्या वाळूतून पिशवी घेऊन लांबवर पळावं लागतं. पाणी आल्यावर निघालात तर ट्यूबवर झपकन काठाजवळ पोचता, पण पाण्याखाली काय पेरून ठेवलंय ते दिसत नाही. खऱ्या समुद्रावर मोठमोठे सेनापती याच पेचात अडकलेत, असं सर सांगायचे. आमची पोरं जेवणाच्या सुट्टीत त्यावर भांडायची.

हल्ला करणारे बहुतेक दर वर्षी हरायचे. एका वर्षी मात्र राखणारे वरच्या निंबाखाली डबे उघडून बसले होते, आणि शिरपूरकडची चार पोरं बाजूच्या नाल्यातून येऊन त्यांच्या भाकरीसमोर उभी राहिली. सरांनी टाळ्या वाजवल्या. मी त्यांना एवढं हसताना पुन्हा पाहिलं नाही. सबंध ग्रंथालयाला पेढे वाटले. मला म्हणाले, ‘बघा मॅडम, मी हल्ल्याच्या विरोधात नाही.’

त्यांची आणखी एक सवय इथेच सांगते. भाऊबीजेला मी माहेरी जळगावला जायची आणि सर दर वर्षी त्याच एसटीत असायचे. मी जळगावला उतरायची. ते पुढे पहूरला जायचे, जामनेर तालुक्यात. तिथे अक्का होत्या. सख्खी बहीण नव्हे. सरांच्या लष्करातल्या ओळखीचा पहूरचा एक हवालदार मोहिमेत मारला गेला होता, त्याची ही बायको. तिला भाऊ नव्हता, म्हणून ती सरांना ओवाळायची. पिशवीत साडी असायची. जळगाव जवळ आलं की सर ती मांडीवर घेऊन बसायचे. एकदा मी म्हटलं, ‘किती छान आहे हो हे नातं.’ ते खिडकीबाहेर बघत राहिले. मी शब्द चुकीचा वापरला असं वाटलं, पण का ते कळलं नाही.

तर तो दिवस.

त्या वर्षी संस्थेचा कसला तरी महोत्सव होता आणि सरावाला मोठे पाहुणे येणार होते. अध्यक्षांना आम्ही सगळे भाऊसाहेब म्हणत असू. आदल्या आठवड्यात त्यांनी सरांना बोलावलं. पाहुण्यांना भेट द्यायची पुस्तकं दाखवायला मीही त्याच वेळी केबिनमध्ये होते.

‘सर, मुलं काठावर पोचली पाहिजेत,’ भाऊसाहेब म्हणाले. ‘पाहुणे तिथे झेंडा घेऊन उभे राहतील. यश वर येईल आणि झेंडा हातात घेईल. फोटो आहे.’

‘पोचली तर घेईल,’ सर म्हणाले.

‘पोचली तर काय, सर? तुमच्या हातात आहे ना ते. तुम्ही ते फडकं खिशातच ठेवा. अहो, खेळ आहे.’

सर म्हणाले, ‘बघतो.’

मला वाटलं होतं ते तोंडावर नाही म्हणतील. ते दुपारी ग्रंथालयात येऊन आपल्या जागेवर बसले. पुस्तक मागितलं नाही. नानांनी चहा ठेवला, त्यावर साय धरली तरी त्यांनी कपाला हात लावला नाही.

काठ राखायला वैशाली नावाची मुलगी होती, शिंदखेड्याची. तिच्या तुकडीनं दोन दिवस जिवाचं रान केलं. बाभळीच्या फांद्या वाळूत उताराला उलट्या गाडल्या. ठिबकच्या जुन्या नळ्या पायात येतील अशा ताणून बांधल्या. केळीच्या बागांकडून आलेला रावेरचा एक मुलगा वाळक्या पानांचे भारे घेऊन आला आणि त्यांनी त्याच्या आडोशाला खड्डे केले. मांडव त्याच काठावर, थोडा बाजूला होता, पण तिथूनही पाहिलं तर कुणीच दिसत नव्हतं. पाहुण्यांनी विचारलंही, ‘दुसरी पार्टी आली नाही का?’

हल्ल्याच्या तुकडीचा म्होरक्या भाऊसाहेबांचा पुतण्या, यश. त्याची योजना सोपी होती. आवर्तनाचं पाणी धुळ्यात दुपारी पोचेल असं कळलं होतं. पण इकडच्या कुठल्याही माणसाला विचारा, सांगितलेल्या वेळी पाणी आलेलं त्यानं बघितलेलं नसतं. यशच्या तुकडीतली सगळी पोरं शेतकऱ्यांची. पाण्याची वाट बघण्यात त्यांचं बालपण गेलेलं. त्यांनी एकमतानं ठरवलं की पाणी संध्याकाळशिवाय येत नाही. ट्यूबा न्यायच्याच नाहीत. कोरड्या पात्रातून जेवून-खाऊन, सावकाश, काटे बघत बघत जायचं.

पण मोठे पाहुणे येणार होते. म्हणून त्या वर्षी पाणी वेळेवर आलं.

तुकडी पात्राच्या मध्यावर होती. आधी वाळू काळी पडली, मग चकाकली, मग पाणी पोटऱ्यांना लागलं. पाठीवरच्या पिशव्या दुप्पट जड वाटायला लागल्या. परत फिरावं तर तेवढंच अंतर, पुढे जावं तर बाभळीचे काटे पाण्याखाली गेलेले. मुलं एका जागी गोळा झाली, घाबरल्यावर माणसं होतात तशी. आणि वाळक्या पानांमागून वैशालीचा आवाज आला, ‘आते टाका रे!’

राखेचा ढग उठला. मांडवातही खोकला झाला.

‘सर, पानी उनं!’ पात्रातून एक पोरगा ओरडला. जणू आलेलं पाणी सरांनीच थांबवावं.

सर पात्राच्या कडेला एका खडकावर उभे होते. मी त्यांच्या बाजूनं बघत होते. फडकं खिशातून निघालं. हात खांद्यापर्यंत आला आणि थांबला. त्यांनी एकदा मांडवाकडे पाहिलं. मग हात खाली गेला. मला वाटलं, संपलं, आता मुलं चालत वर येतील आणि फोटो होईल. मांडवात भाऊसाहेबांनी झेंड्याची काठी पाहुण्यांच्या हातात दिलीसुद्धा.

आणि मग तो हात पुन्हा वर गेला, पार डोक्याच्या वर.

कुणाला काही कळेना. पाण्यातल्या त्याच पोरानं विचारलं, ‘सर, बठ्ठा मरी गयात का?’

‘बठ्ठा,’ सर म्हणाले. ‘सगळे. बसा खाली.’

यश बसला नाही. तो मांडवाकडे बघत होता. सर त्याच्याकडे बघून म्हणाले, ‘तूही, बाळ.’ आवाज रागाचा नव्हता. एखाद्याला आजार झालाय हे सांगावं तसा होता. यश बसला.

पाहुणे सभ्य होते. त्यांनी झेंडा गुंडाळून शेजारच्याकडे दिला आणि घड्याळ पाहिलं. भाऊसाहेब उठता उठता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, ‘देवरे सर, तुमच्या मढ्यांना सांगा, चहा तयार आहे.’ मांडव हसला. आम्ही प्राध्यापक मंडळीही हसलो.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये दारं लावून सरांचं कौतुक झालं. दारं उघडी ठेवून कुणी केलं नाही. भूगोलाचे एक तरुण सहकारी म्हणाले, ‘सर, वाघ आहात तुम्ही. नाकावर टिच्चून फडकं वर केलंत.’

सरांचा चेहरा पडला. ‘वाघ म्हणू नका,’ ते म्हणाले. समोरचा हसत होता, तर ते जोरात म्हणाले, ‘म्हणू नका म्हटलं ना!’ आणि उठून ग्रंथालयात आले. त्यांच्या जागेवर न बसता माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीवर बसले, दाराकडे पाठ करून.

‘मॅडम, तो हात मधे थांबला होता. पाहिलात ना तुम्ही?’

मी हो म्हटलं.

‘काल कोण मरणार होतं? चहा प्यायला जाणार होती पोरं. तिथेसुद्धा माझा हात थांबला.’

मग त्यांनी सांगितलं. ते लष्करात असताना एका किनाऱ्यावर मोठा सराव होता. सर पंच होते, दंडाला पट्टी, हातात फडकं. किनाऱ्यावर एक तुकडी कधीपासून खंदक खणून बसली होती. तिला दिवस माहीत होता, जागा माहीत होती. समुद्रातून येणाऱ्या बोटी उशिरा आल्या. तोवर ओहोटी लागली आणि बोटी लांबवर चिखलात रुतल्या. माणसं उतरली आणि पाठीवरच्या ओझ्यानिशी चालायला लागली, पिंढऱ्यांपर्यंत चिखलात. समोर मशीनगना होत्या. काडतुसं रिकामी, पण मशीनगनाच.

‘एकही माणूस वाचला नसता. पंचाला अशा वेळी विचारही करावा लागत नाही. हात आपोआप वर जायला हवा. पण मागे मांडव होता, मॅडम. मोठी माणसं बघायला आली होती. माझ्या शेजारचे वरिष्ठ हळूच म्हणाले, असू दे रे, फार लांबून आलेत बिचारे. हुकूमसुद्धा नव्हता तो. नुसतं बोलले. मी फडकं खिशात ठेवलं.’

‘मग?’

‘मग ते पोचले. जयजयकार झाला, लाडू वाटले. त्या बोटींतून उतरलेल्या तुकडीत पहूरचा हवालदार होता. खानदेशातला म्हणून माझ्याशी मोकळं बोलायचा. लाडू हातात घेऊन माझ्याकडे आला. खात नव्हता. म्हणाला, साहेब, खरं सांगा, पोचलो होतो का आम्ही?’

ग्रंथालयात एक मुलगा पुस्तक मागायला आला होता, त्याला मी हातानं थांबवलं.

‘मी म्हटलं, पोचलात.’

पुढे ती तुकडी समुद्रापलीकडच्या खऱ्या मोहिमेवर गेली आणि हवालदार परत आला नाही. उघड्या वाळूवर, समोर तयारीत बसलेल्यांच्या गोळीबारात गेला, एवढंच सरांना कळलं. ‘मी फडकं वर केलं असतं तर तो वाचला असता असं मी म्हणत नाही,’ ते म्हणाले. ‘कदाचित तसाच गेला असता. लष्कर एका पंचाच्या फडक्यावर चालत नाही. पण त्याला शंका आली होती. मला विचारायला आला होता. ती शंका त्याच्याजवळ राहिली असती तर निदान त्याची स्वतःची राहिली असती. ती मी काढून घेतली.’

मी म्हटलं, ‘अक्कांना माहीत आहे?’

‘इतकी वर्षं ओवाळून घेतोय,’ ते म्हणाले. ‘तुम्हीच ओळखा.’

त्यांच्या नम्रपणाचं आम्ही जे कौतुक करत आलो होतो ते सगळं मला त्या खुर्चीवर बसलेलं दिसलं. शाल, पाटी, झेंडावंदनाची शेवटची रांग. तो माणूस लाजेनं मान खाली घालून चालत होता आणि आम्ही त्याला साधा माणूस म्हणत होतो.

निवृत्तीच्या दिवशी निरोप समारंभ ठेवायचं कुणी बोललं नाही, आणि सरांना ते बरंच वाटलं असावं. जाताना ते माझ्या टेबलापाशी आले, घडी केलेलं लाल फडकं ठेवलं आणि पुस्तक परत करताना म्हणायचे तसं म्हणाले, ‘जमा करून घ्या.’

त्या दिवाळीत एसटीत भेटले. जळगाव आलं तेव्हा म्हणाले, ‘मॅडम, आज इथे उतरू नका. माझ्याबरोबर पुढे चला. एकटा गेलो तर मी पुन्हा साडी देऊन परत येईन.’ मी भावाला फोन केला की उशीर होईल.

पहूरला अक्कांचं घर रस्त्यापासून आत होतं. पुढे ओटा, ओट्यावर वाळत घातलेल्या शेवया. अक्का ठेंगण्या, करड्या केसांच्या. आवाज मोठा. ‘या भाऊ! औंदा कोनाले आनलं संगं?’ म्हणत त्यांनी मला हाताला धरून आत नेलं. पाट मांडलेला होता, भोवती रांगोळी. ताटात निरांजन लावलेलं, कुंकू, सुपारी. सगळं आधीच तयार होतं. त्यांना वेळ माहीत होती.

‘बसा पाटावर.’

‘अक्का, आधी ऐका,’ सर म्हणाले. ते उभेच राहिले आणि उभ्या उभ्या त्यांनी सगळं सांगितलं. त्यांनी ते वर्गात सांगावं तसं सांगितलं, ओहोटी, चिखल, बोटी. स्वतःची बाजू घेतली नाही. वरिष्ठ काय म्हणाले तेही अक्कांना सांगितलं नाही.

अक्का निरांजनाकडे बघत ऐकत होत्या. मग म्हणाल्या, ‘त्याईनं इचारलं होतं तुमाले?’

‘हो.’

‘अन् तुमी पोचले म्हून सांगतलं.’

‘हो.’

‘सुट्टीवर आले तवा मले सांगत होते,’ अक्का म्हणाल्या. ‘सायबानं सोता सांगतलं म्हने, पोचले तुमी. लई खूश होते. दोनदा सांगतलं मले. जेवतानी एकदा अन् निघतानी एकदा.’

सरांनी डोळे मिटले.

अक्कांनी ताट उचललं. क्षणभर वाटलं, आता ओवाळतील. त्या ताट घेऊन आतल्या खोलीत गेल्या. निरांजन विझवल्याचा वास आला. मग स्टोव्ह पेटला आणि थोड्या वेळानं त्या चहा घेऊन आल्या, तीन कप. सर ओट्यावर जाऊन बसले होते. अक्कांनी त्यांना तिथे चहा दिला. साडीची पिशवी सरांनी पुढे केली नाही आणि अक्कांनी विचारली नाही.

निघताना अक्का दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, ‘पुढल्या साली यायचं असंन तर या, भाऊ. पाटाचं मी काही सांगत नाई.’

सर पुढच्या वर्षी गेले. त्याच्या पुढच्याही. परत आले की मी फोनवर विचारायची आणि ते म्हणायचे, ‘चहा झाला.’ ते आत जात नव्हते. ओट्यावर बसायचे, अक्का उंबऱ्यावर बसायच्या, पिकाबिकाचं बोलायच्या. एकदा तर म्हणे त्यांनी विचारलं की ओहोटी किती वेळ राहते. सरांनी सगळं समजावून सांगितलं.

शेवटच्या वर्षी त्यांचे गुडघे फार दुखत होते, म्हणून त्यांच्या पत्नीनं मला बरोबर जायला सांगितलं. सर ओट्याच्या कडेला बसले. अक्कांचा चहा आला. चहा झाल्यावर अक्का आत गेल्या आणि पाट घेऊन आल्या. ओट्यावर सरांच्या शेजारी तो मांडला. रांगोळी नव्हती. मग ताट आणलं. निरांजन लावलेलं होतं. ते ताट त्यांनी पाटावर ठेवलं आणि त्या पुन्हा उंबऱ्यावर जाऊन बसल्या.

सर पाटावर बसले नाहीत. अक्कांनी बसा म्हटलं नाही. दोघं तिथे बसून होती, मधे तो दिवा. वाऱ्यानं ज्योत कलली की कधी सर हाताचा आडोसा करायचे, कधी अक्का. तेल होतं तोवर तो जळला. मग सर म्हणाले, ‘येतो अक्का,’ आणि मी त्यांना दंडाला धरून उठवलं. रस्त्याच्या वळणावर ते वळून बघतील असं वाटलं होतं. ते बघायला वळले नाहीत. पिशवीतली साडी ओट्यावर राहिली होती, आणि अक्कांनी हाक मारून ती परत दिली नाही.

उन्हाळ्यात सर गेले. अक्कांना मी फोन केला. त्या ‘बरं’ म्हणाल्या, आणि फोन बराच वेळ तसाच चालू राहिला.

कॉलेजात सैन्यशास्त्र आता नाही. लाल फडकं माझ्या घरी कपाटात आहे. पाट पहूरला ओट्यावर भिंतीला टेकवून ठेवलेला आहे. यंदा पांझरेत आवर्तन आलं, सांगितलेल्या वेळेच्या नंतर.